ओव्हरफ्लो गेला कुठे?

पडद्यामागचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं, की ओटीटीच्या करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा : पैसे कशावर मोजणार, आणि ते मोजमाप तुम्हाला दिसणार का. त्यावर भुसावळच्या पत्त्यावर एवढी पत्रं आली, की चित्रपट वितरणाच्या कचेरीत रिप्रेझेंटेटिव्ह असताना थिएटरवाल्यांच्या तक्रारींचीही एवढी येत नसत. निवडक घेतली आहेत. नावं काढली आहेत, कारण तालुक्याच्या गावात निर्माता आणि लेखक एकाच टपरीवर चहा पितात.

प्रश्न : मी शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी एका मराठी चित्रपटाची कथा, पटकथा, संवाद लिहिले. निर्मात्यानं चाळीस हजार रुपये दिले आणि इंग्रजीतल्या अकरा पानी करारावर सही घेतली. चित्रपट थिएटरला लागला, आठवड्यात उतरला. आता तो एका ओटीटीवर दिसतो आणि निर्मात्यानं नवी गाडी घेतली आहे. विचारलं तर म्हणतो, 'सर, तुमचा विषय संपला.' खरंच संपला का? (एक लेखक, अमळनेर)

नाही संपला, सर. पण आधी गाडीचं सोडा. आमच्या धंद्यात पिक्चर पडल्यावरही गाड्या येतात. त्या कोणाच्या उधारीवर येतात ते कोणी सांगत नाही.

तुम्ही पाठवलेली झेरॉक्स वाचली. सातव्या कलमात तुम्ही 'आज माहीत असलेल्या आणि पुढे कधीही शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांतले, संपूर्ण विश्वातले, कायमचे' हक्क देऊन टाकले आहेत. विश्वातले! उद्या चंद्रावर तंबू टॉकीज लागली तरी अमळनेरहून दावा यायला नको, म्हणून ही खबरदारी. हे वाक्य अमेरिकेतल्या करारांतून आलेलं आहे आणि आपल्याकडे ते जसंच्या तसं चिकटवतात. वाचून लेखक घाबरतो, हा त्याचा मुख्य उपयोग.

आता कायदा. कॉपीराइट कायदा 1957 चा, पण तुमच्या कामाची दुरुस्ती 2012 ची; ती त्या वर्षी 21 जूनला लागू झाली. कलम 18 मध्ये दोन गोष्टी आल्या. पहिली : करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा धंद्यात आलेलं नव्हतं, त्याचे हक्क करारात नाव घेऊन लिहिल्याशिवाय जात नाहीत. याचा तुम्हाला फायदा नाही, दोन वर्षांपूर्वी ओटीटी घरोघर होतं. दुसरी मात्र तुमचीच आहे. चित्रपटासोबत थिएटरात दाखवणं सोडून तुमचं लेखन इतर कुठल्याही प्रकारे वापरलं, तर त्या रॉयल्टीत समान वाटा घेण्याचा हक्क लेखकाला सोडताच येत नाही. 'सोडला' असं लिहून सही केली तरी ते लिहिणं रद्दबातल. तो हक्क वारसाला देता येतो किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला, बस. कलम 19 च्या नवव्या उपकलमात हेच पुन्हा सांगितलं आहे. मोबाईल म्हणजे थिएटर नव्हे, हे सांगायला वकील लागत नाही.

लागतो तो पुढे. निर्मात्याचा वकील म्हणणार, की चाळीस हजारांतच सगळं आलं, ओटीटीनं चित्रपट घेतला, तुमची पटकथा वेगळी घेतली नाही. गीतकार आणि संगीतकारांच्या मागे आयपीआरएस ही कॉपीराइट सोसायटी उभी आहे, ती त्यांच्या वतीनं वसुली करते. पटकथालेखकाला बहुतेक वेळा स्वतःच दार वाजवावं लागतं. म्हणून पहिलं पत्र भांडणाचं नको, हिशेबाचं हवं : कोणाला विकला, किती मुदतीसाठी, किती रुपयांत, एकरकमी की हप्त्यांनी, माझ्या लेखनापोटी त्यातलं काय. स्पीड पोस्टानं पाठवा, पोच जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस. कलम 62 प्रमाणे लेखक जिथं राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे तुमच्यासाठी जळगाव. मुंबईच्या खेपा घालायची सक्ती नाही. पण तुमच्या बाराव्या कलमात 'वाद झाल्यास मुंबईत लवाद' असं लिहिलं आहे, ते वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा, नाहीतर सहा महिने तेवढ्यावरच जातील. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनची वादनिवारण समिती आहे. पुढचं लिहायला घेण्याआधी सभासद व्हा.

आणि रक्कम? ती मोठी निघेल असं समजून घराला रंग काढू नका. चित्रपट थिएटरात पडला असेल तर ओटीटीनंही भाव पाडूनच घेतला असणार.

प्रश्न : आमच्या गावच्या सिंगल स्क्रीन थिएटरची कॅन्टीन मी चालवायला घेतली आहे. पिक्चर चार आठवड्यांत मोबाईलवर येतो, मग लोक येतील कशाला? सरकार किमान मुदतीचा कायदा का करत नाही? (कॅन्टीनचालक, दोंडाईचा)

मुदत कायद्यानं ठरलेली नाही, धंद्यातल्या समजुतीनं ठरली आहे. 2020 मध्ये थिएटरं बंद पडली आणि मोठे हिंदी चित्रपट थेट ओटीटीवर गेले. थिएटरं उघडली तेव्हा निर्मात्यांची गरज जास्त होती, म्हणून चार आठवड्यांवर तडजोड झाली. ऑगस्ट 2022 पासून मल्टिप्लेक्सवाल्यांनी हिंदीसाठी ती आठ आठवड्यांवर नेली. दक्षिणेतले बरेच निर्माते चारवरच राहिले. त्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये तमिळ नट विजयच्या 'लिओ'ची हिंदी आवृत्ती देशातल्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी लावलीच नाही. ती मिळाली सिंगल स्क्रीनला. तेव्हा चार आठवड्यांच्या पिक्चरला नुसत्या शिव्या घालू नका, कधीकधी त्याच्यामुळेच तुमचे समोसे खपतात.

ही समजूत मोडली तर काय होतं, ते 2025 च्या मे महिन्यात दिसलं. 'भूल चूक माफ' 9 मेला थिएटरात यायचा होता. आदल्या दिवशी निर्मात्यानं जाहीर केलं, की देशातली सुरक्षेची परिस्थिती पाहता तो 16 मेला थेट ओटीटीवर येईल. पीव्हीआर आयनॉक्स या मल्टिप्लेक्स साखळीनं मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, 60 कोटींच्या आसपास नुकसानीचा दावा लावला आणि ओटीटीला तात्पुरती मनाई मिळवली. मग तडजोड : थिएटरात 23 मे, ओटीटीवर 6 जून. म्हणजे दोनच आठवडे. मनाई मिळाली ती लेखी करार होता म्हणून. तुमच्या थिएटरमालकाकडे वितरकाचा काय कागद आहे, ते एकदा विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी एक व्हॉट्सॲप मेसेज आणि आगाऊ भरलेले पैसे, एवढाच करार असतो.

मात्र सगळं खापर ओटीटीवर फोडणं मला पटत नाही. दोंडाईचा, शिरपूर, चोपडा यांचा धंदा मुळात दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा. मुंबई-पुण्यात पिक्चर जुना झाला की रिळांची पेटी इकडे यायची, तिकीट स्वस्त, आणि रिपीट प्रेक्षक. आधी केबलवाल्यांनी रात्री बारानंतर नवे पिक्चर दाखवून तो पोखरला. मग रिळं गेली, उपग्रहावरून आणि हार्डडिस्कवर पिक्चर आले, तेव्हा तुमच्या गावालाही मुंबईच्याच शुक्रवारी पिक्चर मिळू लागला. आनंदाची गोष्ट, पण तिसऱ्या आठवड्याला काही उरेना. ओटीटीनं शेवटचा घाव घातला, पहिला नव्हे. तेवढ्यात एक बरी बातमी : 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. तुमच्याकडे तिकिटं त्याच पट्ट्यात असतात. मालकानं भाव तेवढा उतरवला का, हे कॅन्टीनवाल्याइतकं चांगलं कोणाला कळणार?

प्रश्न : 2023 मध्ये अमेरिकेत लेखक आणि नट संपावर गेले ते नेमकं कशासाठी? ओटीटीवाले तर भरपूर पैसे देतात असं ऐकतो. परीक्षेसाठी नाही, समजून घ्यायचं आहे. (विद्यार्थी, जळगाव)

लेखकांचा संप 148 दिवस चालला, नटांचा 118. एआयचा मुद्दा होता, पगाराचा होता, पण माझ्या जुन्या धंद्याला भिडतो तो रेसिड्युअलचा. तिकडचा रिवाज असा, की मालिका टीव्हीवर पुन्हा लागली की लेखकाला आणि नटाला पुन्हा चेक. ओटीटीवर पुन्हा लागणं हा प्रकारच नाही. मालिका तिथंच असते, कोणी पहाटे तीनला बघतो, कोणी दहाव्यांदा. चेक मात्र ठरीव, पाहणारे किती याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि किती जणांनी पाहिलं हा आकडा कंपनी स्वतःजवळ ठेवणार.

आमच्याकडे याला ओव्हरफ्लो म्हणत. समजा वितरकानं निर्मात्याला पाच लाखांची एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी दिली. ती, प्रिंट-पब्लिसिटीचा खर्च आणि आपलं कमिशन वसूल झालं की वर येईल तो ओव्हरफ्लो, आणि तो ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. हा पैसा खरा की कागदावरचा, हे ठरायचं डीसीआरवर, रोजच्या कलेक्शनच्या रिपोर्टवर. प्रत्येक खेळाला बाल्कनी किती, स्टॉल किती, तिकिटाचे नंबर कुठून कुठपर्यंत, कर वजा जाता नेट किती. तिकिटांच्या बुकांवर करमणूक कर खात्याचा शिक्का. पिक्चर सुरू झाला की मी बॅटरी घेऊन आत जायचो, रांगेरांगेनं डोकी मोजायचो आणि बाहेर येऊन बुकाशी ताळा लावायचो. एका थिएटरात डोकी सतत जास्त आणि नंबर कमी येऊ लागले. शेवटी कळलं, की डोअरकीपर तिकीट फाडतच नव्हता; अख्खी तिकिटं मागच्या दारानं खिडकीवर परत जात होती आणि पुन्हा विकली जात होती. पडद्यावर हिरो गुंडांना बडवतोय आणि बाहेर आम्ही डोअरकीपरचे खिसे उलटे करतोय, असा तो इंटरव्हल झाला.

ओटीटीत बॅटरी घेऊन आत जायला दार नाही. मग व्यवहार उरतो तो उक्ता. रावेरच्या केळीवाल्याला हे समजावून सांगायला नको : बाग उक्ती दिली, की घड किती किलोचा भरला हे विचारायची सोय संपते. उक्त्यात वाईट काही नाही, पैसा आधी आणि पक्का मिळतो. पडणाऱ्या पिक्चरला तर तो वरदानच. नडतो तो चालणाऱ्या पिक्चरला.

मोठ्या नटांनाही तो नडला. हॉलिवूडची नटी स्कार्लेट जोहान्सन हिचं मानधन 'ब्लॅक विडो'च्या थिएटरातल्या गल्ल्याशी बांधलेलं होतं. जुलै 2021 मध्ये डिस्नेनं तो चित्रपट थिएटरात आणि स्वतःच्या ओटीटीवर एकदमच आणला. थिएटरातला गल्ला घटला, म्हणून तिनं खटला भरला. दोन-अडीच महिन्यांत तडजोड झाली. त्याआधी वॉर्नर स्टुडिओनं 2021 चे आपले सगळे चित्रपट अमेरिकेत असेच दोन्हीकडे लावायचं ठरवलं, तेव्हा गल्ल्यात वाटा असलेल्यांना आधी पैसे मोजून गप्प करावं लागलं होतं.

संपातून मिळालं ते हे : ओटीटीसाठीच बनवलेली मालिका किंवा चित्रपट पहिल्या 90 दिवसांत तिकडच्या वर्गणीदारांपैकी 20 टक्क्यांएवढ्यांनी पाहिला, तर ठरीव रेसिड्युअलच्या वर बोनस. आणि किती तास पाहिलं गेलं याचा आकडा गुप्ततेच्या अटीवर लेखकांच्या संघटनेला दाखवायचा. मला दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी वाटते. बोनस मोजक्यांना मिळेल. पण संघटनेच्या हातात निम्मा का होईना डीसीआर परत आला. आपल्याकडे ओटीटी कंपन्या आणि कलाकारांच्या संघटना यांच्यात असा सामूहिक करार नाही. नेटफ्लिक्स डिसेंबर 2023 पासून किती तास पाहिलं गेलं त्याच्या याद्या जाहीर करतं. त्या वाचा, मजेशीर असतात. त्यात रुपये नसतात.

प्रश्न : माझा 110 मिनिटांचा मराठी चित्रपट तयार आहे. मोठ्या ओटीटीनं नाही म्हटलं. एक ॲग्रिगेटर (चित्रपट ओटीटीपर्यंत पोचवणारा मध्यस्थ) म्हणतो, 'एमजी नाही, जेवढी मिनिटं बघतील तेवढे पैसे, 30 टक्के माझे.' देऊ का? (निर्माता, चोपडा)

2020-21 मध्ये थिएटरं बंद होती आणि ओटीटीला वर्गणीदार वाढवायचे होते, तेव्हाचे भाव विसरा. आता पुष्कळ करारांत थिएटरात काय झालं ते पाहून भाव लावतात. न चाललेल्याला एमजी मिळणं अवघड.

आधी कागद-पेन घ्या. समजा मिनिटाला 5 पैसे मिळतात. दहा हजार लोकांनी तुमचा चित्रपट लावला आणि सरासरी 40 मिनिटांनी बंद केला. चार लाख मिनिटं, 20 हजार रुपये. ॲग्रिगेटरचे सहा गेले, तुमचे 14 हजार, तेही 'खर्च वजा जाता' असं करारात लिहिलेलं नसेल तर. 'नेट' या शब्दाखाली काय काय वजा होणार ते करारातच एकेक करून लिहून घ्या : सबटायटलचे पैसे, अपलोडचे, जाहिरातीचे. मी पाहिलेली बहुतेक भांडणं याच एका शब्दावरून झाली.

देणार असाल तर मुदत कमी ठेवा, हक्क एकट्याला देऊ नका, दर तीन महिन्यांनी मिनिटांचा तक्ता मिळालाच पाहिजे आणि वर्षातून एकदा तुमच्या सीएला मूळ हिशेब तपासता आला पाहिजे. चित्रपट कंपनीच्या ताब्यात असताना बाहेर फुटला तर जबाबदार कोण, तेही लिहा. ओटीटीसाठी सेन्सॉर प्रमाणपत्राची सक्ती नाही. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे वयाचे गट त्यांनीच ठरवायचे असतात. आणि लेखक, गीतकार, संगीतकार, सगळ्यांचे सही केलेले कागद जवळ असू द्या. वर अमळनेरच्या सरांचं पत्र वाचलंतच.

जमलं तर तिकीट लावून दाखवण्याचा मार्गही पाहा. आमीर खाननं 'सितारे ज़मीन पर' 1 ऑगस्ट 2025 पासून यूट्यूबवर 100 रुपये भाड्यानं लावला, तोही थिएटरात धंदा करून झाल्यावर. तुमच्या चित्रपटाला आमीर खान नाही, हे मला कळतं. पण निदान किती तिकिटं गेली ते तुम्हाला कळेल.

प्रश्न : तोरणमाळला वेब सिरीजचं शूटिंग झालं. गर्दीत आम्ही होतो, एका सीनमध्ये माझा चेहरा स्पष्ट दिसतो. रॉयल्टी मिळेल का? (नंदुरबार)

नाही. नटाला कलाकार म्हणून कॉपीराइट कायद्यात हक्क आहेत, कलम 38 आणि 38अ मध्ये. पण ज्याचं काम गर्दीतलं, प्रासंगिक आहे आणि श्रेयनामावलीत रिवाजानं ज्याचं नाव येत नाही, त्याला त्यातून वगळलं आहे. दिवसाचे पैसे, येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण ठरल्याप्रमाणे मिळालं का ते सांगा. नसेल मिळालं तर तेवढ्यासाठी भांडायला मी तुमच्या बाजूनं आहे.

प्रश्न : माझ्या मुलाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. टेलिग्रामवरून नवे पिक्चर उतरवून गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमध्ये 20 रुपयांत भरून देतो. म्हणतो, सगळेच करतात. पेपरात तीन लाख दंडाचं वाचलं आणि झोप उडाली. (एक आई, शहादा)

ताई, तीन लाखांचा दंड 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीतला. थिएटरात कॅमेऱ्यानं पिक्चर उतरवणं किंवा चोरीची प्रत लोकांना दाखवून पैसे कमावणं, यासाठी तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि कमीत कमी तीन लाख दंड. जास्तीत जास्त किती, तर चित्रपटाच्या तपासलेल्या निर्मितीखर्चाच्या 5 टक्के. तुमच्या मुलाला आधी लागेल तो कॉपीराइट कायदा, कलम 63 : सहा महिने ते तीन वर्षं, आणि 50 हजार ते दोन लाख दंड. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात आणि जामीन कोर्टाच्या मर्जीवर.

आणखी एक सांगतो, रागावू नका. वाळूवाल्यांना एमपीडीएखाली स्थानबद्ध केल्याच्या बातम्या आपण जळगाव-धुळ्याच्या पेपरात नेहमी वाचतो. त्या कायद्याचं लांबलचक नाव कधी पूर्ण वाचलं आहे का? झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, 'दृक्‌श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती', आणि मग वाळू तस्कर. व्हिडीओ पायरेट त्या यादीत वाळूवाल्याच्या आधी आला. 20 रुपयांच्या पेनड्राइव्हसाठी कोणी एमपीडीए लावत नाही, पण कायद्यानं त्याला कोणाच्या पंगतीत बसवलं आहे, ते मुलाला दाखवा.

त्याच्या कॉम्प्युटरवरची फाइलींची नावंही बघा. पूर्वी नावात 'कॅम' किंवा 'एचडीकॅम' असायचं. थिएटरात लपूनछपून घेतलेलं, मधेच कोणाचं डोकं आडवं, कोणाचा खोकला. डिजिटल प्रिंटमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा असतात. त्या वाचून पिक्चर कोणत्या थिएटरात, कोणत्या खेळाला चोरला ते काढता येतं. आता नावात 'वेब-डीएल' असतं, म्हणजे ओटीटीवरूनच काढलेली लख्ख प्रत. ती ओटीटीवर आल्या दिवशीच बाहेर येते. म्हणून थिएटर आणि ओटीटी यांतलं अंतर जेवढं कमी, तेवढी चांगली चोरीची प्रत लवकर. आठ आठवडे मागणाऱ्या थिएटरवाल्यांचा हा मुद्दा खोटा नाही. सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये तक्रारी घ्यायला नोडल अधिकारी नेमले, 48 तासांत लिंक बंद करायची असं सांगितलं. एक बंद झाली की त्याच नावाच्या पुढं एक आकडा लावून दुसरी उघडते.

गिऱ्हाईक चोर आहे म्हणून येतो असंही मला वाटत नाही. एक पिक्चर या ॲपवर, दुसरा त्या ॲपवर, क्रिकेट तिसऱ्यावर. वर्गणी भरूनही मधे जाहिराती. शहाद्याच्या मजुरानं किती ठिकाणी भरायची? पण तुमच्या मुलाला याचं उत्तर द्यायचं नाही, त्याला दुकान वाचवायचं आहे. 'फुकट पिक्चरचं ॲप' म्हणून ज्या एपीके फाइली फिरतात, त्या गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये टाकून त्याचं बँक खातं रिकामं झालं, तर तो टेलिग्रामकडे जाणार नाही, तुमच्या शटरसमोर येईल. उद्यापासून पिक्चर बंद, स्क्रीनगार्ड चालू. कमाई तिथंही आहे.

प्रश्न : गानं मनं, पैसा कोना? (गाणं माझं, पैसा कोणाचा?) 2019 च्या दिवाळीत अहिराणी गाणं एका कंपनीला पाच हजारांत दिलं. शब्द माझे, चाल माझी, आवाजही माझा. आता यूट्यूबवर व्ह्यूज मोजवत नाहीत. मीच ते माझ्या चॅनलवर टाकलं तर कंपनीनं क्लेम मारला. (गायक, साक्री)

भाऊ, तुमचा कागद दोन पानी आहे आणि त्यात एक गोष्ट नाही, तीच तुमची कमाई. त्यात मुदत लिहिलेली नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम 19 सांगतं, की मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. दिवाळी 2019 ची पाच वर्षं 2024 मध्ये संपली. शब्द आणि चाल तुमच्याकडे परत आले, असं वकिलाकरवी कंपनीला कळवा आणि त्याच आधारावर यूट्यूबवरच्या क्लेमला हरकत घ्या.

रेकॉर्डिंगचा प्रश्न मात्र वेगळा. स्टुडिओ, वादक, मिक्सिंग यांचे पैसे कंपनीनं भरले असतील तर ते रेकॉर्डिंग तिचं. तुम्ही ते उचलून टाकलं म्हणून क्लेम आला. तुम्ही भरले असतील तर पावत्या काढा. नसतील तर सरळ नव्यानं गा आणि नवं टाका, आवाज अजून चांगला आहे. एक खाजगीत विचारतो : ती चाल कानबाईच्या पारंपरिक गाण्यावरून घेतली आहे का? तसं असेल तर चालीवर फार जोर देऊ नका. ती तुमची नाही तशी कंपनीचीही नाही. शब्दांवर उभे राहा.

प्रश्न : वेब फिल्ममध्ये बहिणाबाईंची कविता घ्यायची आहे. परवानगी कोणाची? (दिग्दर्शिका, धुळे)

बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या आणि कविता पुस्तकरूपानं आल्या 1952 मध्ये. लेखक गेल्यावर छापलेल्या लेखनाचा कॉपीराइट छापल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं, म्हणजे त्या आवृत्तीतल्या कविता 2012 संपताच मोकळ्या झाल्या. एखादी नंतर पहिल्यांदा छापली गेली असेल तर तिची वर्षं तिथून मोजा. ओळी मोकळ्या आहेत, जुन्या रेकॉर्डमधली चाल आणि आवाज नाहीत, तेव्हा चाल नवी लावा. आणि ओळी छापील पुस्तकाशी ताडून घ्या. व्हॉट्सॲपवर बहिणाबाईंच्या नावानं फिरणाऱ्या बऱ्याच कविता त्यांच्या नाहीत, आणि त्या लिहिणारा कवी जिवंत असून एखाद्या वकिलाच्या ओळखीचा निघायचा.